ऐन थंडीत वादळ कसले?

आमच्या आईचे माहेर श्रीवर्धनचे. वादळ या विषयात ती स्वतःला अधिकारी समजते आणि ३ जून २०२० पासून तिचा हा अधिकार आम्ही सर्वांनी निमूटपणे मान्य केला आहे. टाळेबंदीमुळे ती त्या वेळी माहेरीच अडकून पडली होती. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि मामाच्या वाडीतल्या पोफळी, काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा आडव्या झाल्या. आई माजघरात देवापुढे बसून होती. डोक्यावरची कौले एकेक करून उडताना तिने ऐकली आहेत.

त्यामुळे १८ फेब्रुवारी २०२२ च्या दुपारी माझ्या धाकट्या बहिणीचा इंग्लंडातून फोन आला, तेव्हा आईने तो सरळ माझ्या हातातून काढून घेतला. बहीण केंट परगण्यात राहते. ती सांगत होती, “आज इथं तांबडा इशारा दिलाय. जिवाला धोका आहे, घराबाहेर पडू नका म्हणतात. आगगाडीनं प्रवास करू नका म्हणून रेल्वेच सांगतेय. आणि हे मात्र बूट घालून दारात उभे! म्हणतात, बाहेर तर काहीच नाही.”

आईने आधी जावयाला बूट काढायला लावले. मग तिने विचारले, “पण काय गं, वादळ यायचं ते वैशाखाच्या अखेरीला, नाहीतर आश्विनात. समुद्र तापला की येतं. तुमच्याकडे हाडं गोठवणारी थंडी. ऐन थंडीत वादळ कसलं?”

बहिणीला उत्तर देता येईना. तिने ते माझ्याकडे ढकलले, कारण घरात प्राध्यापक मी. आता मी प्राध्यापक आहे तो मराठीचा. ‘झंझावात’ या शब्दाची लज्जत वर्गात समजावून देणे निराळे आणि झंझावात कसा होतो हे सांगणे निराळे. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. पण प्रश्न मनात रुतून बसला. पुढे कित्येक रात्री त्यापायी पुस्तके चाळण्यात गेल्या आणि अखेर ध्यानात आले, की आईचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा होता. तिची वादळे आणि मुलीच्या दारातले वादळ ही एका आडनावाची, पण दोन निराळ्या कुळांतली मंडळी आहेत.

आईला ठाऊक असलेले वादळ हे उष्णतेचे लेकरू. समुद्राचे पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर तापले, की त्याच्या वाफेवर ते पोसते. आकाराने गरगरीत, पोटात ऊब, मध्यभागी शांत डोळा. जमिनीवर आले की पाण्याचा पुरवठा तुटतो आणि एक-दोन दिवसांत ते मान टाकते. अशा वादळांना इंग्रजीत ‘सायक्लोन’ म्हणतात आणि गंमत अशी, की हा शब्द आपल्याच देशात, कलकत्त्यात, जन्मला. बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या नोंदी गोळा करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन नावाच्या गृहस्थाने १८४८ साली खलाशांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात वेटोळे घातलेल्या सापाचा अर्थ सांगणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्याने हे नाव बेतले.

युरोपातले हिवाळी वादळही वेटोळेच घालते. पण त्याला ना डोळा, ना ऊबदार पोट. ते हजार, दीड हजार मैल पसरते, वरून पाहिले तर स्वल्पविरामासारखे दिसते आणि जमिनीवर आले म्हणून लगेच विझत नाही. एका रात्रीत फ्रान्स ओलांडून जर्मनीत जाते. तापलेल्या समुद्रावर त्याचा संसार अवलंबून नसतो. मग ते जगते तरी कशावर?

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता किती माणसे बुडाली, याचा हिशेब मांडायचा तर १८५९ सालापासून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ नावाचे जहाज ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून लिव्हरपूलकडे येत होते. दोन महिन्यांचा प्रवास संपत आला होता. उतारूंत सोन्याच्या खाणींवर नशीब काढून परतणारे पुष्कळ होते. कुणी कमरेच्या पट्ट्यात सोने बांधले होते, कुणी कपड्यांत शिवले होते. लिव्हरपूल आता काही तासांवर होते. २५ तारखेच्या रात्री वारा फिरला आणि जहाज वेल्सच्या अँगलसी बेटाकडे ढकलले जाऊ लागले. नांगर टाकले, त्यांचे साखळदंड तुटले. २६ च्या पहाटे मोएल्फ्रे गावाजवळच्या खडकांवर आपटून जहाजाचे तुकडे झाले. साडेचारशेच्या आसपास माणसे गेली. चाळीसेक पुरुष कसेबसे वाचले, बाई किंवा मूल एकही नाही. किनारा इतका जवळ होता, की गावकरी हातात हात धरून पाण्यात साखळी करून उभे होते. त्या एका वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यांवर मिळून सव्वाशेहून अधिक जहाजे फुटली आणि सुमारे आठशे लोक प्राणांस मुकले.

लंडनमध्ये सरकारच्या हवामान विभागाचा प्रमुख होता रॉबर्ट फिट्झरॉय. डार्विनला घेऊन जगप्रदक्षिणा करणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा कप्तान तो हाच. जन्म समुद्रावर घालवलेला, शिस्तीचा, तापट, मनाने हळवा. त्याने या वादळाच्या नोंदी ठिकठिकाणांहून मागविल्या, नकाशावर मांडल्या आणि त्याला दिसले, की हे वादळ अवचित आलेच नव्हते. त्याला वाट होती, चाल होती. एका गावी ते पोचल्यावर दुसऱ्या गावी पोचायला त्याला तास लागत होते, आणि विजेची तार त्याहून कितीतरी वेगाने धावते! म्हणजे तारेने वादळाला शर्यतीत हरविता येईल. आज ही कल्पना आपल्याला बाळबोध वाटते. तोवर ती व्यवहारात फारशी आली नव्हती, एवढे खरे.

१८६१ च्या फेब्रुवारीत त्याने बंदरांना इशारे धाडायला सुरुवात केली. बंदरावरच्या खांबावर कॅनव्हासचा शंकू चढवायचा. टोक वर असेल तर उत्तरेचे वादळ, टोक खाली असेल तर दक्षिणेचे, आणि सोबत नळकांडे असेल तर प्रकरण गंभीर. त्याच वर्षी १ ऑगस्टला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्याचा हवामानाचा पहिला अंदाज छापून आला. या कामासाठी त्याने ‘फोरकास्ट’ हा शब्द मुद्दाम रूढ केला. भविष्यवाणी किंवा भाकीत म्हणणे त्याला पसंत नव्हते. हे शास्त्राने काढलेले अनुमान आहे, असा त्याचा आग्रह. मराठीत आपण ‘हवामानाचा अंदाज’ म्हणतो आणि ‘भाकीत’ ज्योतिषीबुवांकडे ठेवतो, ते फिट्झरॉयला फार आवडले असते.

लोकांना मात्र एवढा बारकावा कुठे हवा असतो! अंदाज चुकला की वर्तमानपत्रे टिंगल करीत. शंकू चढला की मच्छीमार बोटी बंदरात बसून राहतात आणि धंदा बुडतो, म्हणून काही बोटमालक चिडत. शास्त्रज्ञ म्हणत, यामागे सिद्धांत कोणता? सिद्धांत त्याच्याजवळ पुरता नव्हता. ध्रुवाकडून येणारा थंड वारा आणि विषुववृत्ताकडून येणारा उबदार वारा जिथे भिडतात तिथे वादळ होते, असे त्याने १८६३ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. आज वाचताना नवल वाटते, इतके ते खऱ्याच्या जवळ होते. पण त्या वेळी ते कुणी फारसे मनावर घेतले नाही. प्रकृती ढासळत गेली, पदरचा पैसा कामात खर्ची पडला. ३० एप्रिल १८६५ च्या सकाळी त्याने स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. त्याच्या कुटुंबासाठी वर्गणी काढण्यात आली, तीत डार्विनने शंभर पौंड घातले.

पुढच्या वर्षी चौकशी समितीने अंदाजांना शास्त्राचा आधार नसल्याचा निर्वाळा दिला आणि इशारे बंद झाले. तेव्हा ओरड केली ती खलाशांनी आणि बंदरांनी. शंकू अधूनमधून चुकतो, हे त्यांना पंडितांपेक्षा अधिक ठाऊक होते, तरी त्यांना तो परत हवा होता. वर्षा-दीड वर्षात वादळाचे इशारे पुन्हा सुरू झाले. वर्तमानपत्रातले अंदाज यायला मात्र १८७९ साल उजाडले.

उरलेला सिद्धांत सापडला नॉर्वेत, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. लढणाऱ्या राष्ट्रांनी हवामानाच्या तारा गुप्त ठेवल्यामुळे तटस्थ नॉर्वे आंधळा झाला होता. समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांना सांगायचे काय? विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी बर्गन गावी मुक्काम ठोकून पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षणाची पुष्कळ नवी ठाणी उभारली. ठाणी दाट झाल्याबरोबर नकाशावर एक गोष्ट स्वच्छ उमटली. थंड हवा आणि उबदार हवा हळूहळू एकमेकींत विरत नाहीत. त्यांच्यामध्ये धारदार सीमा असते आणि वादळ त्या सीमेवर जन्मते. हे प्रथम नेमकेपणाने मांडले विल्हेल्मच्या मुलाने, याकोबने. तेव्हा त्याचे वय अवघे एकवीस. युद्धाचे दिवस असल्यामुळे या सीमेला त्यांनी लष्करी नाव दिले – ‘फ्रंट’, म्हणजे आघाडी. (आपल्याकडे आघाडी म्हटले की मंत्रिमंडळ आठवते. तिथेही थंड आणि उबदार हवा शेजारी नांदतात, त्यामुळे शब्द अगदीच परका वाटू नये.)

आता आईच्या प्रश्नाकडे वळतो. तिला मी जे उदाहरण दिले तेच इथे देतो, कारण दिवाळीचे दिवस आहेत. काचेच्या पेल्यात रंगीत पाणी घालून वर तेल सोडायचे आणि तरंगती वात लावायची, असा दिवा घरोघर करतात. पाणी जड, ते खाली. तेल हलके, ते वर. त्यात भांडण नाही. पण समजा, एका पसरट काचपात्रात मधोमध उभी फळी घातली, एका बाजूला पाणी भरले, दुसऱ्या बाजूला तेल, आणि मग फळी झटकन उपसली. काय होईल? पाणी तेलाच्या खाली मुसंडी मारील, तेल पाण्यावर उसळेल, सारे पात्र हिंदकळेल. कुणी चूल पेटविली नाही, कुणी ढवळले नाही. ती सारी धांदल फक्त दोन द्रव चुकीच्या जागी, शेजारीशेजारी उभे असल्यामुळे झाली.

हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर हेच घडते. ध्रुवाकडे महिनोन्‌महिने सूर्य नाही, तिथली हवा थंड आणि जड. विषुववृत्ताकडची हवा नेहमीसारखी उबदार. उन्हाळ्यात या दोहोंतले अंतर कमी असते, हिवाळ्यात ते कमाल असते. म्हणजे, आई, थंडी असूनही वादळ येते असे नव्हे, थंडी आहे म्हणूनच ते येते. मात्र नुसती थंडी पुरत नाही, जवळच ऊबही लागते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ही शेजारधर्माची परिसीमा होते. एका बाजूला गोठलेले खंड, आणि त्याला खेटून गल्फ स्ट्रीम हा दक्षिणेकडून येणारा कोमट पाण्याचा समुद्रातला ओघ. युरोपवर आदळणाऱ्या कितीतरी वादळांचा पाळणा या शेजारात हलतो.

फळी उपसली की पात्रात सारे क्षणात निवळते. पृथ्वीवर तसे होत नाही, कारण पृथ्वी फिरते. उत्तर गोलार्धात सुटलेला वारा उजवीकडे वळत राहतो. त्यामुळे थंड हवेला उबदार हवेखाली सरळ घुसता येत नाही. दोघींच्या सीमेला समांतर असा वारा उंचावर वाहू लागतो आणि जमिनीपासून नऊ-दहा किलोमीटरांवर त्याची एक वेगवान नदीच बनते. हिलाच ‘जेट प्रवाह’ म्हणतात. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत फुगे सोडून ही नदी मोजली होती. पण आपला अहवाल त्यांनी साऱ्या जगाला कळावा म्हणून एस्परांतो भाषेत छापला आणि तो जवळजवळ कुणीच वाचला नाही! दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून गेलेल्या अमेरिकन विमानांना ती नदी भोवली, तेव्हा जग जागे झाले. लंडनहून मुंबईला येताना विमान जातानापेक्षा लवकर पोचते, त्यातही अशाच पश्चिम-वाऱ्यांचा हात असतो.

वरची नदी आणि खालची सीमा यांची गाठ पडली, की वादळाची सुरुवात होते. नदी सरळ वाहत नाही, तिला वळणे असतात, मध्येच वेग वाढतो, मध्येच कमी होतो. काही विशिष्ट जागी वरची हवा फाकते, आजूबाजूला निघून जाते. तिथे खालची हवा वर ओढली जाते आणि जमिनीवरचा दाब उतरतो. खालून हवा भरून यायला धावते खरी, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती मध्याकडे सरळ न जाता त्याच्याभोवती घिरट्या घालू लागते. म्हणजे भरायचे काम मंद आणि उपसायचे काम जलद. या घिरट्यांमुळे पूर्व बाजूने उबदार हवा उत्तरेकडे चढते, पश्चिम बाजूने थंड हवा दक्षिणेकडे उतरते. त्याने वरच्या नदीचे वळण आणखी खोल होते. वळण खोल झाले की उपसा वाढतो, उपसा वाढला की घिरट्या वाढतात. भांडणाऱ्या दोन भावांनी एकमेकांना चिथावीत जावे, तसा प्रकार. यात वाफेचीही भर पडते. वर चढणाऱ्या दमट हवेतली एक किलो वाफ निवून पाणी झाली, की बर्फाइतके थंड सहा लिटर पाणी उकळीला आणण्याएवढी उष्णता ती सोडते. तीच उष्णता हवेला आणखी वर लोटते. म्हणजे श्रीवर्धनच्या वादळाचे अन्न या वादळालाही चालते, फक्त ते त्याचे मुख्य जेवण नव्हे.

कधीकधी हे चक्र बेभान होते. फ्रेडरिक सँडर्स आणि जॉन ग्याकम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८० साली अशा वादळांना सरळ ‘बॉम्ब’ म्हटले. साठ अक्षांशावर चोवीस तासांत दाब चोवीस मिलिबार उतरला तर ते वादळ बॉम्ब. याहून दक्षिणेला मोजमाप थोडे सौम्य. आकडा किरकोळ वाटतो. पण दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचे वजन. एक मिलिबार म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे दहा किलो हवा. चोवीस मिलिबार उतरले, याचा अर्थ तुमच्या अंगणातल्या प्रत्येक चौरस मीटरावरून जवळजवळ अडीच क्विंटल हवा एका दिवसात कुणीतरी उचलून नेली, आणि तीही हजारो चौरस किलोमीटरांवरून.

पुढे या वादळाचे काय होते? थंड आघाडी उबदार आघाडीहून वेगाने धावते. ती तिला गाठते, उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते, शेजार संपतो आणि वादळ विझत जाते. पाणी खाली, तेल वर.

पण विझण्याआधी ते काय करील याचा नेम नसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हा हिशेब स्कॉटलंडमधल्या टे नदीवरचा पूल बांधताना नीट धरला नव्हता. २८ डिसेंबर १८७९ च्या संध्याकाळी वादळात तो पूल आगगाडीसकट नदीत कोसळला. गाडीतला एकही माणूस वाचला नाही. (इंजिन मात्र बाहेर काढून, दुरुस्त करून पुन्हा रुळांवर धावले. लोक त्याला ‘पाणबुड्या’ म्हणत.) वाऱ्याबरोबर समुद्रही येतो. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राचे पाणी वाऱ्याने दक्षिणेच्या चिंचोळ्या टोकात कोंबले आणि नेदरलँड्सचे बांध फुटले. तिथे १,८३६ माणसे झोपेत, छपरांवर, पाण्यात गेली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर तीनशेच्या वर. आणि १९९९ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी ‘लोथार’ आले. वरची नदी ताशी चारशे किलोमीटरांच्या आसपास वाहत होती आणि वादळ स्वतःच ताशी शंभर किलोमीटरांनी फ्रान्स ओलांडीत होते. वादळाच्या दक्षिण अंगाला त्याची चाल आणि त्याचा वारा एकाच दिशेचे असतात, त्यांची बेरीज होते. पॅरिसजवळ ऑर्ली येथे वाऱ्याचा झोत ताशी १७३ किलोमीटर मोजला गेला. व्हर्सायच्या राजउद्यानातली दहा हजारांच्या घरात झाडे पडली.

आमच्या बहिणीच्या केंट परगण्याने मात्र याआधी पाहिले होते ते १९८७ चे वादळ. १५ ऑक्टोबरची रात्र. दुपारी बी. बी. सी. वरच्या हवामानतज्ज्ञाने, कुणा बाईंनी फोन करून झंझावात येत असल्याचे विचारले त्याचा उल्लेख करून, तसे काही नाही, म्हणून हसत सांगितले होते. त्या बिचाऱ्याचे ते एक वाक्य इंग्लंड अजून विसरलेले नाही. वारा जोराचा असेल, असेही तो पुढे बोलला होता, पण ते कोण लक्षात ठेवतो? गणकयंत्रांनी काही दिवस आधी वादळाची चाहूल दिली होती, ऐन वेळी मात्र त्यांनी ते जरा बाजूने जाईल असे दाखविले. पहाटेपर्यंत इंग्लंडमध्ये अठरा माणसे मेली होती आणि दीड कोटी झाडे पडली होती. केंटमध्ये सेव्हनओक्स – म्हणजे सात ओक – नावाचे गाव आहे. तिथल्या सातांपैकी सहा ओक त्या रात्री गेले.

पण या वादळाने एक कोडे मागे ठेवले. सर्वात भयंकर वारा आघाडीवर नव्हता. तो होता वादळाच्या पोटाशी, एका चिंचोळ्या पट्ट्यात, आणि काही तासच. रीडिंग विद्यापीठातले कीथ ब्राउनिंग यांनी २००४ साली या कोड्याची उकल मांडली. अशा वादळाच्या मागच्या अंगाला ढगाचा एक आकडा वळतो. त्या आकड्याच्या टोकाशी, तीन-चार किलोमीटर उंचीवरून, हवेचा एक झोत खाली झेपावतो. वाटेत ढगातले हिमकण त्यात विरघळून वाफ होतात. तुमच्या अंगावरचा घाम वाळताना गारवा येतो, तशी ती हवा गार होते, जड होते आणि आणखी जोराने जमिनीवर आपटते. वरून पाहिले तर सारे वादळ नांगी उभारलेल्या विंचवासारखे दिसते आणि मार बसतो तो बरोबर नांगीच्या टोकाखाली. इंग्रजीत त्याला ‘स्टिंग जेट’ म्हणतात. मराठीत ‘नांगी’ एवढा एकच शब्द पुरे.

१८ फेब्रुवारी २०२२ च्या वादळालाही अशी नांगी होती. त्याचे नाव युनिस. आता तिकडे वादळांना माणसांसारखी नावे देतात. युनिसचे नाव १४ तारखेला जाहीर झाले, तेव्हा ते अटलांटिकवर धड जन्मालाही आले नव्हते. जन्माआधीच बारसे! गणकयंत्रांनी सीमा कुठे आहे, वरची नदी कुठे आहे, दोघींची गाठ केव्हा पडेल, हे चार दिवस आधी मांडून ठेवले होते. फिट्झरॉयच्या शंकूला तासांची मुदत मिळत असे. दक्षिणेच्या एका बेटाच्या टोकावर, नीडल्स येथे, त्या दिवशी वाऱ्याचा झोत ताशी १२२ मैल मोजला गेला. इंग्लंडमधला तो उच्चांक ठरला. ब्रिटनमध्ये तीन माणसे दगावली. अठरांशी याची सरळ तुलना करू नये. तेव्हाचे वादळ रात्री आले होते, झाडे पानांनी भरलेली होती. पण रस्ते ओस होते, गाड्या उभ्या होत्या, लाखो माणसे सांगितले म्हणून घरात बसली होती, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे या कुळातले कुणीच येत नाही असे मात्र नाही. पौष-माघात दिल्ली-पंजाबकडे पाऊस पडतो, काश्मीर-हिमाचलात बर्फ पडते, ते आणतात पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने, वरच्या नदीच्या काठाने येणारे हे त्याच घराण्यातले सौम्य भाऊबंद. तिकडच्या गव्हाला ते वरदान. पण त्यांची थंड हवा कधी दक्षिणेला उतरली आणि समुद्राकडून ओल मिळाली, की आपल्याकडेही गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने ते भोगले आहे.

त्या दिवशी आमच्या घड्याळात संध्याकाळचे साडेआठ वाजले होते, म्हणजे तिकडे दुपारचे तीन, तेव्हा पुन्हा फोन आला. शेजाऱ्याचे लाकडी कुंपण त्यांच्या परसात येऊन पडले होते. कोपऱ्यावरचे झाड रस्त्यावर आडवे झाले होते – स्टेशनकडे जायचा तोच रस्ता. वीज गेली होती, पण सगळे ठीक. तांबडा इशारा संपला म्हणे, आणि वाराही जरा पडलाय.

“हे बाहेर जाऊन बघून येतो म्हणतात,” बहीण म्हणाली.

‘निसर्ग’चा वारा थांबल्यावर मामा वाडी बघायला गेला होता. अर्धवट तुटून लोंबणारी झावळी तेव्हा त्याच्या खांद्यावर पडली. तो हात अजून डोक्यावर जात नाही.

आई फोनवर ओरडली, “बूट लपवून ठेव त्याचे. उद्या सकाळी दे.”